बोईसरचा फ्रेंच शिकणारा

बोईसरला फ्रेंच शिकणारा इसम बहुधा तारापूर एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात शिफ्टला असतो. कॅनडात स्थायिक व्हायचं तर फ्रेंचला वाढीव गुण मिळतात, हे त्याला मेहुण्याकडून कळलेलं असतं. पहिल्या, म्हणजे ए-वन पातळीला ‘माझं घर’ हा धडा हमखास असतो, आणि या विषयात त्याचा हात धरणारं कोणी नसतं.

पहिलं वाक्य ठरलेलं: घर ‘प्रे द ला गार’, म्हणजे स्टेशनजवळ. नवापूर नाक्यावरचा फ्लॅट स्टेशनजवळ, पास्थळचा प्लॉट स्टेशनजवळ, आणि सासुरवाडी बारा-एक किलोमीटरवर चिंचणीला, तीही स्टेशनजवळच. २०१३ साली डहाणूपर्यंत लोकल सुरू झाल्यापासून तर चर्चगेटपर्यंतचे शंभरेक किलोमीटरही त्याने याच वाक्यात बसवले आहेत.

पुढे खोल्या. फ्रेंच लोक घराच्या खोल्या मोजताना स्वयंपाकघर धरत नाहीत, हॉल मात्र धरतात. त्यामुळे त्याचा वन बीएचके ‘दोन खोल्यांचा’ होतो. हप्ता तोच, घराला बढती. बाल्कनी ग्रिल ठोकून आत घेतलेली असली, तर तो तिसऱ्या खोलीसाठीही शिक्षिकेशी हुज्जत घालतो.

खिडकीशी गाडी अडते. पुस्तकातल्या खिडकीतून बाग दिसते. त्याच्या खिडकीतून रात्री एमआयडीसीचा वास येतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर देशात पहिलं आलं होतं. तो खिडकी लावून घेतो आणि पुन्हा ‘प्रे द ला गार’वर येतो.

या थापेमागची एक बाजू मान्य करावी लागते. पाहुणा यायचा असला, की गाडीच्या आधी अर्धा तास तो बाइक आणि जादा हेल्मेट घेऊन स्टेशनबाहेर हजर असतो. नेणारा तोच, म्हटल्यावर पाहुण्याने अंतर कशाला विचारायचं?

वर्गात कधीमधी नव्या पोफरणचाही एखादा असतो. जुनं पोफरण समुद्रालगत होतं. तारापूर अणुवीजकेंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या संचासाठी अक्करपट्टीबरोबर तेही उठवलं गेलं. त्याला लिहायचं असतं ते घर भूतकाळातलं, आणि वर्णनाचा भूतकाळ शिकवतात दुसऱ्या पातळीला. तेव्हा आपला इसम हळूच सांगतो, “‘प्रे द ला मेर’ लिही, समुद्राजवळ. वर्तमानकाळातच लिही. परीक्षक काय बघायला येतोय?”