अर्ध्या इंचाचा नळ, पाऊण इंचाची नळी

गडचिरोलीत नळाची कामं करणारे मिस्त्री भरपूर आहेत, फक्त ते सापडत नाहीत. आषाढ लागला की ते रोवण्यासाठी गावी जातात, कारण जवळजवळ प्रत्येक जण आधी धानाच्या बांधीचा मालक आणि उरलेल्या वेळात आपल्या गळत्या नळाचा वैद्य असतो. दिवाळीच्या मागेपुढे कापणी येते. ती उरकते न उरकते तोच मंडई, शंकरपट आणि झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात, ती शिमग्यापर्यंत चालतात. आमच्या मिस्त्रीला मी एकदा माघात फोन लावला तेव्हा तो वडशाला होता. वडसा म्हणजे या नाटकांची राजधानी. "सर, मी सध्या इन्स्पेक्टर आहो," असं त्यानं भारदस्त आवाजात सांगितलं आणि फोन ठेवला. शिमगा झाला की मोहफूल, मोहफूल झालं की तेंदूपत्ता. मे महिन्यात जंगलातून पानांचे पुडके बांधून आणले तर जो पैसा सुटतो, तो नळाचं वायसर बदलून सुटणार नाही, हे त्याला कळतं. मलाही कळतं. मला कळल्यानं नळ गळायचा थांबत नाही, हा भाग वेगळा.

आणि आम्ही वॉशिंग मशीन घेतलं ते नेमकं मे महिन्यात. त्याला कारण एकस्तरची थकबाकी. या भागात नोकरी करणाऱ्या सरकारी माणसाला शासन एक पायरी वरची वेतनश्रेणी देतं, तिचं नाव एकस्तर. ती कधी मिळते, कधी थकते, आणि थकलेली एकदम हाती आली की घरात बैठक बसते. बैठकीत मी पुस्तकांचं कपाट मांडलं. बायकोनं पुढून दार उघडणारं, आत हीटर असलेलं मशीन मांडलं. ती शाळेत विज्ञान शिकवते, तिच्या मुद्द्यांना आकडे असतात.

मशीन चंद्रपूरहून मूल-सावलीमार्गे, वैनगंगेच्या पुलावरून, सुमारे ८० किलोमीटर टेम्पोत उभं राहून आलं. ते बसवून द्यायला कंपनीचा माणूस फुकट येणार होता. फोनवरची मुलगी फार गोड होती. "सर, उस तरफ के कॉल जमा हो जाएँगे, तब इंजिनिअर निकलेगा." कॉल जमा होण्यासाठी गडचिरोलीत आणखी काही लोकांनी मशीन घेणं भाग होतं, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्यासाठी गळ घालण्याइतका माझा गावात वट नव्हता. खोकं बैठकीच्या खोलीत राहिलं. येणारे-जाणारे त्यावर चहाचे कप ठेवू लागले.

तेव्हा शेजारचे काकाजी पुढे झाले. काकाजी वनविभागातून निवृत्त. त्यांचं म्हणणं साधं होतं, "एवढ्यासाठी मिस्त्री कायले पायजे जी? कूलर बसवता नं तुम्ही?"

हा विदर्भातला मोठा युक्तिवाद आहे आणि तो हसण्यावारी नेता येत नाही. ब्रह्मपुरी आणि चंद्रपूरचा पारा ४६-४७ पर्यंत चढतो तेव्हा कूलर ही इथली खरी कुलदेवता असते, आणि तिची प्रतिष्ठापना घरच्या पुरुषालाच करावी लागते. ताट्या बदलणं, पंपातला गाळ काढणं, पाणी सोडायच्या नळीला जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून सुतळीनं आवळणं, हे संस्कार आमच्यावर दहावीच्या आधीच होतात. त्यामुळे इथला प्रत्येक माणूस स्वतःला अर्धा प्लंबर आणि पाव इलेक्ट्रिशियन समजतो. मात्र कूलर हे यंत्र मुळात गळण्यासाठीच बनवलेलं आहे. तो थोडा जास्त गळला तर हवा जरा जास्त गार येते. मशीन गळलं तर खालची फरशी, शेजारची भिंत आणि सासुरवाडीचे फोन, सगळंच ओलं होतं.

खोकं उघडलं. बायकोनं माहितीपुस्तिका घेतली, काकाजींनी पाना घेतला. मला पिशवी देऊन हार्डवेअरच्या दुकानात पाठवण्यात आलं.

दुकानदारानं विचारलं, "अर्धा की पाऊण?"

मी म्हटलं, "पूर्णच द्या."

त्यानं माझ्याकडे फार करुणेनं पाहिलं. मग त्यानं सांगितलं ते असं. घरातला साधा नळ अर्ध्या इंचाचा. मशीनच्या नळीची टोपी पाऊण इंचाची. शिवाय बादलीत पाणी सोडणाऱ्या नळाच्या तोंडाला आटेच नसतात; टोपी घट्ट बसायची तर बाहेरून आटे हवेत. म्हणून एक तर भिंतीतला नळ काढून मशीनचा अँगल कॉक लावायचा, नाही तर खोक्यात मिळतं ते चार स्क्रूचं कडं जुन्या नळाच्या तोंडावर आवळायचं. ते कडं चारी बाजूंनी नळाला घट्ट धरतं आणि पाण्याचा पहिला जोर आला की सोडून देतं. मी अँगल कॉक घेतला, टेफ्लॉनची टेप घेतली, आणि दुकानदाराच्या आग्रहावरून एक एल्बो घेतला. त्या एल्बोचा उपयोग अजून कुणाला सापडलेला नाही.

टेफ्लॉनबद्दल मला आदर आहे. १९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेट नावाचा रसायनतज्ज्ञ फ्रिजसाठी नवा वायू शोधत होता. एका सिलिंडरमधला वायू बाहेरच येईना म्हणून त्यानं तो कापून पाहिला, तर आत पांढरी, गुळगुळीत पूड साठलेली. तीच पूड पुढे तव्याला लागली, आणि टेप होऊन आमच्या हार्डवेअरच्या दुकानात टांगली गेली. तिच्याआधी मिस्त्री लोक सुतळी आणि सफेदा वापरत. काकाजी अजून सफेद्याच्या बाजूचे आहेत. टेप त्यांनी हातात घेतली, ताणली, तुटली. "हे तं पतंगाच्या कागदापेक्षा हलकं आहे," म्हणाले, आणि अविश्वासापोटी दुप्पट वेटोळे दिले. बायकोनं चष्मा वर करून सांगितलं, "काकाजी, आट्यांचं तोंड आपल्याकडे ठेवून घड्याळाच्या दिशेनं गुंडाळायचं. उलट गुंडाळली तर कॉक फिरवताना सगळी सुटून येते." काकाजींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. ते बंद होतं. पण दिशा कळण्यापुरतं पुरेसं होतं.

दुसरी गोष्ट तिनं सांगितली ती मला आजही खटकते. मशीनच्या नळीच्या टोपीला टेप लावायचीच नाही. तिथं आत रबराचं वायसर असतं, तेच पाणी अडवतं. टोपी हातानं आवळायची, पान्यानं नाही. पाना हातात असलेल्या माणसाला हे सांगणं क्रूरपणाचं आहे.

कॉक बसला. थेंबही नाही. काकाजींनी मिशीवरून हात फिरवला. बटण दाबलं, मशीननं गाणं म्हटलं, थोडा वेळ विचार केला आणि पडद्यावर पाणी येत नसल्याची खूण दाखवली. नळ सोडून बादली लावली तर पाणी येत होतं. मशीनला ते मान्य नव्हतं.

बायको पुस्तिका घेऊन गच्चीवर गेली. भर दुपारी. टाकी स्लॅबवर बसलेली, टाकीच्या तळापासून खाली मशीनच्या कॉकपर्यंतचं अंतर तिनं दोरीनं मोजलं. दोन मीटरहून थोडं जास्त भरलं. पाण्याचा दहा मीटर उंचीचा स्तंभ म्हणजे सुमारे एक बार दाब, म्हणजे आमच्याकडे दाब ०.२ बार. पुस्तिकेत किमान ०.३ लिहिलं होतं. टाकी काठोकाठ भरलेली असली की मीटरभर पाण्याची भर पडून काटा जेमतेम तिथं पोचतो. म्हणजे नळाला पाणी आल्या आल्या सकाळी मशीन धुणं धुणार, आणि सगळ्यांच्या आंघोळी झाल्या की संपावर जाणार. ही पुस्तिका लिहिणारा माणूस बहुधा उंच इमारतीत दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर राहत असणार, डोक्यावर मजलेच मजले आणि त्यावर टाकी. एकमजली घराची टाकी डोक्यापासून हातभरच वर असते, हे त्याला ठाऊक नसावं.

काकाजींनी टुल्लू पंप सुचवला. नगरपरिषदेच्या लाइनला टुल्लू लावणं नियमात बसत नाही, हे मी म्हटलं. "साऱ्यांच्या घरी आहे नं जी," ते म्हणाले, आणि हे त्यांचं म्हणणं वस्तुस्थितीला धरून होतं. पण बायकोनं टाकीखाली लोखंडी घोडी लावायची ठरवली. पाच फूट उंच. गावात त्या महिन्यात वेल्डर तेवढा हजर होता, त्याला शेती नव्हती. घोडी झाली, टाकी चढली, मशीनची कुरकुर थांबली. सर्वात जास्त आनंद वानरांना झाला. मोहल्ल्यात इतकी उंच बैठक त्यांना आधी कुणी करून दिली नव्हती. आता टाकीच्या झाकणाला तार बांधावी लागते, आणि ती तार सोडवायला वानरांना माझ्यापेक्षा कमी वेळ लागतो.

मळकं पाणी बाहेर सोडायची करडी नळी काकाजींनी आपल्या अखत्यारीत घेतली. खिडकीतून बाहेर काढून त्यांनी ती थेट केळीच्या आळ्यात जमिनीवर सोडली. साबणाचं पाणी केळीला चालतं का, यावर त्यांचा आणि माझा बराच वाद झाला. मशीन सुरू केलं. पाणी आत येऊ लागलं, येतच राहिलं. काचेतून पाहावं तर कपडे ओले, पण पाणी वर चढेना. केळीचं आळं मात्र तुडुंब. काकाजी म्हणाले, "मशीन फुटलं असन." फुटलं नव्हतं. बाहेरचं टोक मशीनमधल्या पाण्याच्या पातळीच्या खाली असेल तर नळीत वक्रनलिका तयार होते आणि पंप बंद असतानाही पाणी आपणहून वाहून जातं. शाळेत आपण बादलीतून नळीनं पाणी तोंडानं ओढून काढत होतो, तोच प्रयोग. म्हणून त्या नळीचं टोक जमिनीपासून साधारण ६० ते १०० सेंटीमीटर उंचीवर आकड्यात अडकवायचं, खाली सोडायचं नाही. बायकोनं सातवीच्या वर्गाला शिकवावं तसं हे आम्हा दोघांना शिकवलं. काकाजींनी शेवटी एकच प्रश्न विचारला, "मंग इतके दिवस कूलरचं पाणी कसं नव्हतं जात?" त्याचं उत्तर तिनं पुढच्या तासाला देण्याचं कबूल केलं.

मशीनवर तापमानाचं बटण आहे. थंड, ३०, ४०, ६०. मे महिन्यात त्यातलं 'थंड' आमच्याकडे उपलब्ध नसतं. काळ्या टाकीत दुपारी जे पाणी असतं त्यात हात घालवत नाही, आणि ज्या हीटरसाठी आम्ही जास्तीचे पैसे मोजले तो मृग लागेपर्यंत रिकामा बसून असतो. माझी मेहुणी गडचांदूरला असते, तिच्या हीटरचं दुखणं निराळं. त्या भागात जमिनीत चुनखडी आहे, म्हणून तर गडचांदूर-आवारपूरकडे सिमेंटचे कारखाने आले. कारखान्याला चुनखडी सुरुंग लावून काढावी लागते. मेहुणीच्या बोअरला ती विरघळून आपणहून येते. पाणी तापलं की हीटरवर पांढरा थर चढतो, साबणाला फेस येत नाही, आणि टॉवेल अंग पुसायच्या ऐवजी खरवडायला लागतो. महिन्या-दोन महिन्यांनी थर काढायची पूड टाकून रिकामं मशीन चालवायचं, एवढाच त्यावर इलाज.

कंपनीचा माणूस आला तो पाऊस सुरू झाल्यावर. त्यानं मागच्या नळीतली बारीक जाळी काढून वाळू झटकली, विजेचा प्लग १५ अँपिअरचा आणि अर्थिंगचा आहे ना ते पाहिलं, गच्चीवर जाऊन लोखंडी घोडीचा फोटो काढला आणि वॉरंटीच्या कागदावर सही घेतली. चहा घेताना म्हणाला, या बाजूचे कॉल तुम्हीच का घेत नाही, मला चंद्रपूरहून यावं लागणार नाही. हे त्यानं अर्थातच काकाजींना विचारलं, कारण पाना अजून त्यांच्याच हातात होता. काकाजींनी नम्रपणे नकार दिला. "आता नाही जी. मी रोवण्यात आहो."

राहता राहिले ते मागचे चार बोल्ट. पुढून उघडणाऱ्या मशीनचा ढोल प्रवासात आपटू नये म्हणून ते कारखान्यातच घट्ट लावलेले असतात. मशीन चालवण्यापूर्वी ते काढून भोकांना प्लास्टिकची बुचं लावायची असतात. न काढता चालवलं तर पिळायच्या वेळी मशीन नाचत दारापर्यंत येतं. आमच्याकडे ते पहिल्याच दिवशी निघाले, कारण बायको पुस्तिका पहिल्या पानापासून वाचते. गडचिरोलीत बदलीवर आलेल्या साताऱ्या-सांगलीच्या मंडळींना एवढीच विनंती, ते बोल्ट भंगारात देऊ नका. बदलीच्या अर्जाची फाईल जिथं ठेवता तिथंच पिशवीत घालून ठेवा. हुकूम हातात पडला की मशीन टेम्पोत चढवण्याआधी ते परत लावावे लागतात. पाऊण इंचाचा अँगल कॉक मात्र भिंतीतून उपसून नेऊ नका. तुमच्या जागी जो येईल त्याला तो मे महिन्यात कोण बसवून देणार?