हळदीचा पूर्वार्ध

1994 हे साल अमेरिकेतील आदळलेल्या डोक्यांच्या इतिहासात मोठे भाग्याचे म्हणावे लागेल. त्या साली तेथील विधिमंडळाने जीवनसत्त्वादी पूरकांच्या कारखानदारांना, आपल्या गोळीचा गुण विक्रीपूर्वी सरकारदरबारी शाबीत करण्याच्या जाचातून मोकळे ठेवले. आणि त्याच साली राष्ट्रीय फुटबॉल लीगने खेळाडूंच्या मेंदूला बसणाऱ्या हादऱ्यांचा विचार करण्यासाठी जी समिती नेमली, तिच्या अध्यक्षपदी एका संधिवाततज्ज्ञास बसविले. डोके आणि धड यांस मानेचे सांधे जोडतात, हे ध्यानी घेतल्यास या नेमणुकीस हरकत घेण्याचे प्रयोजन उरत नाही.

पुढे जीवनसत्त्वे, माशाचे तेल आणि हळद यांच्या बाटल्या, कंकशन, म्हणजे मेंदूला हादरा, झालेल्या गड्यास लवकर मैदानात परतविण्याचे अभिवचन देत दुकानोदुकानी उभ्या राहू लागल्या, तेव्हा तेथील अन्न व औषध प्रशासनाने 2012 पासून काही कंपन्यांकडे ताकिदीचे खलिते रवाना केले, आणि 2013 च्या डिसेंबरात कोणतेही पूरक कंकशन बरे करीत नाही, असा जाहीर खुलासाही केला.

यांपैकी हळदीशी आमचा जुना ऋणानुबंध. तिच्या जखम भरण्याच्या गुणावर मिसिसिपीच्या विद्यापीठाने 1995 साली मिळविलेले पेटंट, डॉ. माशेलकर महासंचालक असताना आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने हरकत घेऊन 1997 साली रद्द करविले. परंतु आजीच्या उपचाराचा केवळ पूर्वार्धच सातासमुद्रापार गेला, हे त्या विजयोत्सवात कोणाच्या ध्यानी आले नाही. गुडघा फुटला की आजी हळद दाबते खरी. पण पोराला भोवळ येऊन ओकारी झाली, तर तीच आजी “गप पडून राहा” असे फर्मावते, आणि हा उत्तरार्ध बाटलीत भरता येत नसल्यामुळे त्यावर नफाही मिळत नाही.

उंदरांवरील काही प्रयोगांत माशाच्या तेलाने आशा दाखविली आहे, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. मात्र उंदरांना, अमेरिकेतील पोरांप्रमाणे, शुक्रवारी रात्री शाळेचा फुटबॉल सामना नसतो. हादरलेल्या मेंदूची शक्तीची गरज वाढलेली असताना त्याचा रक्तपुरवठा मंदावलेला असतो, आणि तो सावरण्यापूर्वी दुसरा आघात झाला तर तो कोवळ्या वयात प्राणघातकही ठरू शकतो. म्हणून एक-दोन दिवसांची विश्रांती आणि मग निदान चोवीस तासांच्या अंतराने एकेक पायरी, एवढाच विधी तज्ज्ञांनी सांगितला आहे. प्रशिक्षकास तो गैरसोयीचा वाटतो आणि बाटली सोयीची, यात बाटलीचा दोष तो काय? तिच्यावर तर बारीक अक्षरांत कायदेशीर कबुलीच छापलेली असते, की हे विधान प्रशासनाने तपासलेले नाही आणि हा माल कोणत्याही रोगाच्या निवारणार्थ नाही.

वॉशिंग्टन राज्याच्या 2009 च्या कायद्यान्वये कंकशनचा संशय आलेल्या शालेय खेळाडूस वैद्यकीय परवानाधारकाच्या लेखी संमतीवाचून मैदानात परतता येत नाही. बाटलीवरील मजकूर त्या कामी ग्राह्य धरला जात नाही.