भविष्याला दुसरा हात

तालुक्याच्या गावाला डॉक्टर नसला तर गाव वणीला जातं, पेंटर नसला तर मात्र गावाचं अडतं. झरी जामणीतही तसंच. कृषी केंद्राची पाटी, ट्रॉलीच्या पाठीवरचा आईवडिलांचा आशीर्वाद, शाळेच्या भिंतीवरचा भारताचा नकाशा आणि निवडणुकीतली सगळ्या पक्षांची चिन्हं, हे सारं वर्षानुवर्षं एकाच हातानं रंगवलं. मग फ्लेक्स आले आणि बऱ्याच जणांचे ब्रश डब्यातच वाळले. जे टिकले त्यांच्यात एक वेगळीच जात आहे. या माणसांना देव, पुढारी, नटी यांत रस नाही. त्यांना रंगवायला भविष्यकाळ लागतो. आमचे पेंटरभाऊ त्या जातीचे.

त्यांच्याकडं जत्रेतले झुले येतात. आकाशपाळणा, ब्रेक डान्स वगैरे ते उरकून टाकतात. जीव अडकलाय तो रॉकेटच्या झुल्यात. मधे खांब, त्याला लोखंडी हात, हरेक हाताच्या टोकाला दोन पोट्टे आणि त्यांची एक घाबरलेली आत्या मावेल एवढं पत्र्याचं रॉकेट. पावसाळा सरता सरता झुल्याचा मालक पैनगंगा ओलांडून आदिलाबादकडून येतो, रॉकेटं उतरवून ठेवतो आणि म्हणतो, "नवरात्रात केळापूरला लावायचं आहे. जरा हात मारून ठेवा." पेंटरभाऊ एका रॉकेटभोवती फिरतात, पत्र्यावर टिचकी मारतात आणि निदान सांगतात, "हे फ्युचर जुनं झालं जी."

'हात मारणं' त्यांना जमत नाही. गंज खरवडून, प्रायमर मारून, वर एक हात ऑइल पेंट दिला की दुसरा पेंटर पैसे मोजायला बसेल. हे मात्र आधी पॉलिश पेपर घेऊन जुना रंग घासत बसतात, आणि रॉकेटच्या अंगावरून एकेक जमाना उतरत जातो. वरची चंदेरी गेली की निळा रंग आणि मंगळयान, म्हणजे 2014. त्याखाली लाल पट्टा आणि 'सोयूज' ही अक्षरं, राकेश शर्मांची, 1984 ची. सगळ्यांत तळाला पेंटरभाऊंच्या उस्तादांच्या हातचं 'स्कायलॅब'. ती अमेरिकेची प्रयोगशाळा 1979 च्या जुलैत आभाळातून कोसळली आणि ती आपल्याच डोक्यावर पडणार म्हणून अख्खा देश धास्तावला होता. पेंटरभाऊ सांगतात, त्या साली या रॉकेटात एक पोट्टं बसलं नाही. उस्तादांनी नाव मोठ्या हौसेनं लिहिलं होतं.

शिष्यही त्याच वळणाचा. 2019 साली चंद्रयान-2 निघालं तसं यांनी खांबावर वीतभर अक्षरांत 'चंद्रावर भारत' लिहून मोकळं केलं. 7 सप्टेंबरच्या पहाटे लँडरचा संपर्क तुटला. नवरात्र तोंडावर, मालक डोक्यावर. पेंटरभाऊंनी विडी ओढली, शिडी लावली आणि 'चंद्राजवळ भारत' करून खाली उतरले. चार वर्षं ते तसंच फिरलं आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. 23 ऑगस्ट 2023 ला संध्याकाळी गाव टीव्हीपुढं टाळ्या वाजवत असताना हे गृहस्थ अंधार पडायच्या आत 'जवळ' खोडायला धावले होते.

विज्ञानाच्या गुरुजींशी त्यांचं बिलकूल पटत नाही. खांबावर पेंटरभाऊंनी ग्रह काढले आणि प्रत्येकाला कडं घातलं. गुरुजी म्हणाले, "अहो, कडं फक्त शनीला असतं."

"कडं नाई काढलं तं लोकायले चेंडू वाटते, गुरुजी."

"म्हणून गुरूला घालायचं?"

"गुरूले काहून नाई? तुमच्या बोटात अंगठी हाय ना?"

गुरुजी तणतणत घरी गेले, पुस्तक काढलं आणि दोन दिवस त्या वाटेनं फिरकले नाहीत. कारण गुरू, युरेनस, नेपच्यून या तिघांनाही कडी आहेत. युरेनसची 1977 साली सापडली, गुरूची 1979 साली. बारीक आणि अंधुक आहेत म्हणून आपल्या पुस्तकातल्या चित्रांत येत नाहीत, इतकंच. तिसऱ्या दिवशी गुरुजी म्हणाले, "मंगळाचं तेवढं पुसा." पेंटरभाऊंनी पुसलं नाही. तिथला रंग महाग होता.

तेलुगूचा किस्सा तर आदिलाबादपर्यंत पोचलाय. गिऱ्हाईक दोन्हीकडचं, म्हणून एका बाजूला मराठीत 'रॉकेट' आणि दुसऱ्या बाजूला तेलुगूत. पेंटरभाऊंना तेलुगू वाचता येत नाही, पण अक्षर हुबेहूब उतरवता येतं, तेव्हा त्यांनी एका पाटीवरून डौलदार अक्षरं उचलली. दोन जत्रा निभावल्या. तिसऱ्या जत्रेत पलीकडच्या एका म्हातारीनं तिकिटाच्या खिडकीशी युरियाच्या पोत्याचा भाव विचारला. पाटी खतांच्या दुकानाची होती.

एकदा मी त्यांना सांगितलं, की तुमचं दुखणं फार मोठ्या लोकांनाही आहे. वॉल्ट डिस्नेनं 1955 साली कॅलिफोर्नियात बाग उघडली, तिच्यात 'टुमॉरोलँड' नावाचा भाग केला आणि 1986 साली जग कसं असेल ते दाखवलं. 1967 सालीच तो बराचसा पाडून नव्यानं उभारावा लागला. राजवाडा, जंगल, जुनं गाव यांना वय चढत नाही. उद्याच्या जगाला मात्र दर काही वर्षांनी रंगारी बोलवावा लागतो. 1998 साली त्यांनी वैतागून नवी युक्ती काढली: सगळं तांबूस-सोनेरी रंगवायचं, म्हणजे जुन्या माणसांनी कल्पिलेलं भविष्य वाटेल आणि शिळं होणार नाही.

"तांबूस?" पेंटरभाऊंचा ब्रश थांबला. "गंजलं वाटन ना जी!"

पुढं पाचसहा वर्षांत तिथल्या सर्वांत मोठ्या घुमटाला पुन्हा पांढरा रंग दिला, हे ऐकून ते जरासुद्धा हरखले नाहीत. "मले इचारायचं होतं त्यायनं," एवढंच म्हणाले. गोराईचं एस्सेलवर्ल्ड 1989 ला सुरू होऊन 2022 ला बंद झालं, त्याचंही कारण त्यांच्या लेखी एकच, वेळच्या वेळी दुसरा हात पडला नाही. जमीन, धंदा, हिशेब या गोष्टी त्यांच्या शास्त्रात बसत नाहीत.

भविष्य चंदेरीच असतं, यावर त्यांची निष्ठा पक्की आहे. अडचण वाळण्याची. पहिला हात दिला की रस्त्यावरून कोळशाचा ट्रक जातो आणि चंदेरीवर काळी बुकटी बसते. पुन्हा पॉलिश पेपर, पुन्हा हात. आणि दुसरा हात वाळायच्या आत त्यांच्या डोक्यात पुढचं यान शिरलेलं असतं. यंदा गगनयानाची तयारी आहे. आत तीन माणसं काढायची, तीही ओळखीच्या चेहऱ्यांची. गुरुजींनी आपला फोटो आणून दिलाय, असं ऐकतो.

मालक निम्मे पैसे आगाऊ देतो, निम्मे जत्रा झाल्यावर. पेंटरभाऊंना ते पटतं. ज्या माणसाचा पुढच्या साली मंगळावर वस्ती होण्यावर विश्वास आहे, त्याचा पुढच्या जत्रेला पैसे मिळण्यावर का नसावा?

तेव्हा यंदा केळापूरला जगदंबेचं दर्शन करून पोट्टे रॉकेटकडं ओढू लागले, तर खुशाल बसवा, पण आधी पत्र्याला एक बोट लावून पाहा. दुसरा हात बहुधा आदल्या रात्रीच पडलेला असतो आणि चंदेरीचा डाग साबणानं जात नाही, टर्पेंटाइनच लागतं.