शुभारंभ लवकरच

भंडाऱ्याच्या बसस्थानकाजवळ तर्री-पोहे खाताना शेजारच्यानं पोह्याचा एक दाणा चिमटीत धरून उजेडाकडे पाहिला, तर समजावं, भाऊ आले. भाऊंना पोहा मिल टाकायची आहे. 'टाकायची आहे' हे मी चार वर्षांपासून ऐकतोय.

तयारीत मात्र कुणी खोट काढून दाखवावी. जिल्हा धानाचा, म्हणून तुमसर आणि गोंदियाच्या गिरण्या पाहून झाल्या. उद्योजकतेची तीन प्रशिक्षणं झाली. कुठल्या प्रशिक्षणात वरण पातळ होतं, तेही भाऊंना पाठ आहे. नावात 'ॲग्रो' हवं की 'फूड्स', यात एक पावसाळा गेला. उद्यम नोंदणी आधारवर, घरबसल्या, फुकट होते. भाऊंनी तीनशे रुपये देऊन करून घेतली. "फुकटच्या कागदाले वजन नाही राहत जी!" प्रमाणपत्रावर 'सूक्ष्म' असं छापून आलंय. खरंच आहे. उद्योग अजून कुणाच्या दृष्टीस पडलेला नाही.

पण भाऊंचा खरा जीव अनुदानात. २००८ पासून चाललेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात सर्वसाधारण गटाला शहरात १५ टक्के मिळतात, खेड्यात २५. हे कळलं त्याच दिवशी भाऊंची नसलेली मिल भंडारा शहरातून उठून मोहाडी तालुक्यात मामाच्या गोठ्यात गेली. म्हशीला अजून कल्पना नाही. पुढे कळलं, बाईच्या नावावर खेड्यात ३५ टक्के! तेव्हापासून भाऊ मुली पाहताहेत. मुलीकडचे विचारतात, पोरगा करतो काय? भाऊ म्हणतात, लग्न झालं की मिल. ते म्हणतात, मिल झाली की लग्न. प्रकल्प अहवाल त्या पानावर दीड वर्ष अडून आहे.

स्वतःचा हिस्साही भरावा लागतो, भाऊंच्या गटाला १० टक्के. मी एकदा भीत भीत विचारलं, "भाऊ, ते दहा टक्के?"

"चार वर्षं लावली ना जी! ते का कमी आहे?"

पोह्याच्या गाडीवाल्याला भाऊ रोज बजावतात, "तू अभ्यास न करताच धंदा सुरू केला, गड्या." तो मान डोलावतो आणि मागची उधारी मागतो.

एक वस्तू मात्र तयार आहे. गाव पितळी भांड्यांचं, तेव्हा भाऊंनी मिलची पाटी पितळेचीच करून घेतली. वर नाव, खाली कोरून 'शुभारंभ लवकरच'. पितळ काळं पडतं, म्हणून दर दिवाळीला आई ती चिंच लावून घासते. यंदाची चौथी वेळ. 'लवकरच'मधला 'ल' आता नीट वाचता येत नाही.