कायले बाप्पा!

आमच्या दारव्हा तालुक्यातल्या गुरुजींच्या कपाटात एकोणतीस शाली आहेत. फुगवून सांगत नाही, दिवाळीच्या सफाईत मीच मोजल्या. त्यातल्या बहुतेकींचा रंग मरून म्हणावा की वांगी, यावर काकूंचं आणि माझं अजून जमलेलं नाही.

एवढ्या शाली आल्या कुठून? ३१ मे या तारखेतून. पूर्वी पोरगं शाळेत घालताना हेडमास्तर अंदाजानं १ जून जन्मतारीख टाकून मोकळे व्हायचे. आणि एक तारखेला जन्मलेला सरकारी माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीलाच निवृत्त होतो. त्यामुळं जिल्हा परिषदेचे ढीगभर मास्तर एकाच दुपारी घरी जातात, आणि जेवढे निरोप समारंभ तेवढे अध्यक्ष लागतात. गुरुजी नाही म्हणत नाहीत.

यवतमाळ जिल्ह्यातला मे. पारा चव्वेचाळीसच्या आसपास, कूलरमधलं पाणी संपलेलं, आणि अशा वेळी दोघंजण पदर सारखे करत माणसाला लोकरी शालीत गुंडाळतात. बाकीचे पाहुणे फोटो निघेस्तोवर श्वास धरतात आणि मग शाल खुर्चीच्या पाठीवर फेकतात. गुरुजी मात्र कार्यक्रम संपेपर्यंत ती काढत नाहीत. कानामागून घामाची धार लागलेली असते आणि ते देणाऱ्याचा हात दोन्ही हातांत धरून म्हणतात, “कायले बाप्पा एवढं!” त्यातला ‘का’ ते असा लांबवतात, की ‘बाप्पा’ येईपर्यंत समोरचा पाघळलेला असतो.

नको असलेली भेट हातात पडली की नवखा माणूस ‘छान आहे’ म्हणतो आणि तिथंच पकडला जातो. गुरुजी कधी खोटं बोलत नाहीत. ते वस्तूत एक खरी गोष्ट शोधतात. एका उमेदवारानं आकड्यांपेक्षा स्वतःचं नाव मोठं असलेलं भिंतीवरचं घड्याळ दिलं, तर म्हणाले, “नाव कसं ठळक आलं! चष्मा नाई लागत.” कोणी लेमन सेट आणला, तर “एस.टी.तून सहाच्या सहा ग्लास शाबूत? कमाल केली बावा!” मग हळूच, “कुठून घेतला?” पुढची दहा मिनिटं देणारा बाजार, घासाघीस आणि स्वतःची हुशारी सांगत बसतो. वस्तू राहते बाजूला, चहा होतो, माणूस खूश होऊन जातो.

२०१९ मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाच्या उद्घाटनाचं लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण मागे घेतलं गेलं. गावोगावी वाद पेटले. गुरुजी ओट्यावर पेपर ठेवत एवढंच म्हणाले, “शालीचं बरं असते. देल्ली की कोणी वापस नाई मांगत.”

श्रीफळाची काकू दोन दिवसांत चटणी करतात. शालींना मात्र हिवाळ्यापर्यंत थांबावं लागतं. हरभऱ्याला रात्रीची लाईन असते. ओलिताला जाणारा सालदार जरीकाठी शाल पांघरून बॅटरी घेऊन निघतो, तेव्हा एखादा साहित्यिक बांधावरून चालल्यासारखा वाटतो. आणि रानडुकरांसाठी उभं केलेलं बुजगावणं? त्याच्या डोक्यावर कोणाच्या तरी सत्काराचा गुलाबी फेटा, अंगावर शाल. फक्त मानपत्र वाचायचं राहिलेलं.

मागच्या जानेवारीत हुळा खायला म्हणून गुरुजींचा एक जुना विद्यार्थी वावरात आला. आता तो मोठा ठेकेदार आहे. भाजलेले घाटे सोलता सोलता त्याची नजर बुजगावण्यावर गेली आणि तिथंच थबकली. काठावर पिवळ्या मोरांची नक्षी. शाल त्याचीच. मी घाट्यांत तोंड खुपसलं. काकूंना एकाएकी विहिरीवर काम निघालं.

गुरुजींनी बोटांची राख धोतराला पुसली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सावकाश म्हणाले, “पाय बरं. तुही शाल लावल्यापासून या बाजूनं एक डुक्कर नाई फिरकलं.”

ठेकेदार क्षणभर बुजगावण्याकडं पाहत राहिला. मग त्याची छाती फुगली.

“असं होय? मंग अजून एक पाठवतो ना गुरुजी, तिकडच्या धुऱ्यासाठी!”

“कायले बाप्पा!”