हलू नका!

कण्याच्या संधिवाताचा, म्हणजे अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसचा, स्वभावच उलटा. पडून राहिलं की पाठ आखडते, हिंडत राहिलं की सैल होते. त्याच्या एमआरआयची पहिली अट मात्र एकच: अर्धा तास उताणं पडा, हलू नका.

त्याआधी भामरागड ते गडचिरोली, सुमारे १८० किलोमीटर. वाटेतल्या पर्लकोटा नदीला पूर असेल तर रस्ताच बंद. एसटीत मागची सीट मिळाली तर मणक्यांची तपासणी आलापल्लीपर्यंतच उरकते, फक्त रिपोर्ट मिळत नाही. बरं, सुरुवातीची काही वर्षं साध्या एक्स-रेत बहुधा काही दिसतच नाही. मग ‘वयोमानाने होतं’ असं ऐकून घ्यायचं. वय पंचवीस!

गडचिरोली जिल्ह्यातच, चातगावजवळच्या शोधग्रामातल्या रुग्णालयात मुंबईचे मणकातज्ज्ञ येऊन रुग्ण तपासतात. निदान डॉक्टर तरी हलले.

एमआरआयच्या मशीनमध्ये शिरण्याआधी तंत्रज्ञाला स्पष्ट सांगा: मान टेकत नाही, डोक्याखाली आधार द्या, गुडघ्यांखाली उशी द्या, कानांत बोळे द्या. आणि हातात दिलेला घंटीचा फुगा खरंच वाजतो का, ते बाहेर असतानाच दाबून बघा.