पाम मेला, टेंडर निघालं

समुद्राकाठी नवं उद्यान होतं तेव्हा सगळ्यात आधी लाल मातीचे ट्रक येतात. मग गुंडाळ्या करून आणलेलं लॉन, मग पाण्याचा टँकर. हा टँकर पुढं येतच राहतो. झाडांचा नंबर शेवटी, आणि तीही परदेशी: मादागास्करचा बिस्मार्क पाम, ऑस्ट्रेलियाचा फॉक्सटेल, कुंपणाला अमेरिकेतला पिवळा ड्युरांटा. यातलं काही खाऱ्या वाऱ्यानं करपलं की 'पुनर्लागवडी'चं टेंडर निघतं. मेलेलं झाडसुद्धा कुणाला तरी सावली देतंच.

मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी समुद्रात सुमारे 111 हेक्टर भराव पडला. त्यातली साधारण 70 हेक्टर जागा हिरवी करू, असं सांगितलं गेलं. एवढी मोकळी जमीन या शहराला पुन्हा मिळायची नाही, म्हणून लॉनच्या गुंडाळ्या उलगडण्याआधीच बोललेलं बरं.

मर्यादवेल बघा. आपट्यासारखं दुभंगलेलं जाड पान, सकाळी उमलणारं जांभळट गुलाबी फूल. पेरापेराला मुळं सोडत ती तापल्या वाळूवर पसरते आणि वाळू धरून ठेवते. तिला टँकर लागत नाही. तण म्हणून तिला उपटायला मात्र रोजंदारीवर माणूस लागतो. रावणाच्या मिशा हे गवत तर त्याहून वाईट! काट्यांचा तो हलका चेंडू वाऱ्यावर घरंगळत जातो आणि आपली पेरणी आपणच करतो. ठेकेदाराच्या लेखी याहून आक्षेपार्ह वर्तन नाही. भराव म्हणजे वाळू नव्हे, हे कबूल. पण तिथला वारा खाराच आहे. वाळू नसेल तिथं उंडी लावा, करंज लावा, पारोसा भेंडी लावा. (उंडीच्या बियांचं तेल कोकणात दिव्यांना आणि होड्यांना वापरत. झाडाचा बायोडेटा याहून काय असायचा?)

"पण फोटोला रंग हवा ना?" हवाच. विक्रोळीला पूर्व द्रुतगती महामार्गाकडेला टॅबेबुया फुलतो तेव्हा गाड्या थांबवून फोटो काढतात. झाड अमेरिकेतलं, कौतुक जपानच्या साकुराचं, ट्रॅफिक जॅम आपला. ताम्हण एप्रिल-मे महिन्यांत जांभळा होऊन उभा असतो. पण तो पडला राज्यपुष्प, त्याला सत्कार पुरतो. 2020 मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा मान मिळाला. तिच्या मुळाशी भराव टाकताना निदान शाल-श्रीफळ तरी द्यावं.

नर्सरीत जाऊन पाहा. पाम डझनावारी मिळतात, उंडी मागितली की पोऱ्या आत विचारून येतो. दोष त्याचा नाही. मागणीच नाही तर रोपं करणार कोण? यावर उपाय अगदी स्वस्त आहे. टेंडरमध्ये एकच कलम घाला: झाड टँकरशिवाय तीन उन्हाळे जगलं, तरच पूर्ण बिल. दुसऱ्या दिवशी ठेकेदार उंडीची रोपं शोधत वेंगुर्ल्याच्या एसटीत बसलेला दिसेल.